एकोणीस ताप

डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा गल्लीतले लोक तीन दिवस हळहळले आणि चौथ्या दिवशी त्यांनी दुसरा डॉक्टर शोधला. तीन हा आकडा उगाच नाही. चोवीस वर्षांत डॉक्टरांकडे जो कोणी यायचा, त्याला तीन दिवसांच्या विश्रांतीचं सर्टिफिकेट मिळायचं. मागितलं तर मिळायचंच, आणि न मागता कोणी उठलाच तर डॉक्टर स्वतः त्याला हाक मारून विचारायचे की कामावर दाखवायला काही लागतंय का. त्यामुळे लोकांनी त्यांचं नावच ‘तीन दिवस’ ठेवलं होतं. अंग मोडून आलंय, जरा तीन दिवसांकडे जाऊन येतो, असं घरी सांगून माणसं निघायची. डॉक्टरांना हे माहीत होतं, आणि खोटं कशाला बोला, त्यांना ते आवडायचंही.

माणूस वाईट नव्हता हो. औषध नेमकं द्यायचे, उगाच सुया टोचत नसत, आणि कोणाच्या अंगावर खेकसल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. पण बाहेर बाकावर पंधरा-वीस जण खोकत बसलेले असताना आतल्या माणसाचं सगळं ऐकत बसायचं म्हटलं तर घोडं तिथेच पेंड खायला लागायचं. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. त्यांचा कंपाउंडर दुपारी मोकळा असायचा, तेव्हा तो सर्टिफिकेटांचं अख्खं पॅड भरून ठेवायचा. आजार, विषाणूजन्य ताप. विश्रांती, तीन दिवस. नाव आणि तारीख तेवढी रिकामी. पेशंट बोलायला लागला की डॉक्टर मान डोलावत नाव लिहायचे, आणि त्याचं बोलणं संपायच्या आत कागद फाडून त्याच्या हातात द्यायचे. ताप हा आजारच मोठा गुणी. तो कोणालाही येतो, आपला आपण जातो आणि जाताना मागे पुरावा ठेवत नाही. पाठ धरली, ताप. रात्रभर बायकोशी वाद झाला आणि डोळ्याला डोळा लागला नाही, ताप. सासरेबुवांना स्टेशनवरून आणायचंय, तोही तापच. ह्यात आपण काही वावगं करतोय असं डॉक्टरांना कधी वाटलं नाही. उलट आपण माणुसकी जपतोय, अशी त्यांची पक्की समजूत होती.

मग पन्नाशी उलटली आणि माणुसकीनेच त्यांच्या नाकी नऊ आणले. जेवायला बसलं की घराची बेल वाजायची. कुणाच्या समारंभाला गेलं तर माणसं हातात आइस्क्रीमचा कप धरून मूळव्याधीचं वर्णन करायची. एकदा तर न्हाव्याने अर्धी दाढी झाल्यावर वस्तरा बाजूला ठेवला आणि स्वतःची जीभ बाहेर काढून दाखवली. डॉक्टरांनी उरलेली दाढी घरी येऊन केली आणि त्याच संध्याकाळी बायकोला सांगितलं, बस झालं, मला असं काम हवं जिथे कोणी आजारी नसेल.

बायको शाळेत गणित शिकवायची. कॉलेजपासूनची ओळख, त्यामुळे दोघांत अरे-तुरेचा कारभार. ती म्हणाली, कर की, पण तुला दुसरं येतं काय? प्रश्न रास्त होता.

त्याचं उत्तर एका ऑनलाइन वर्गात मिळालं. प्रॅक्टिसला कंटाळलेल्या डॉक्टरांना दुसरी वाट दाखवणारा तो वर्ग होता, आणि दाखवणारे गृहस्थ एके काळी हाडांचे सर्जन होते. आता ते हाडांऐवजी डॉक्टरांनाच सरळ करत. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की अर्जात दवाखाना हा शब्द लिहायचा नाही, तो ऐकला की साहेबलोकांना औषधाचा वास येतो. त्यांच्या सल्ल्याने डॉक्टरांनी लिहिलं, ‘प्राथमिक आरोग्यसेवेत चोवीस वर्षांचं स्वतंत्र नेतृत्व.’ दवाखान्याचं नाव नाही, गल्ली नाही, शेजारचं टायरचं दुकान नाही. बायकोने अर्ज वाचला आणि हा कोण माणूस आहे, ओळख करून दे, म्हणाली.

पण अर्ज लागला. शहराच्या बसगाड्या चालवणाऱ्या कंपनीने त्यांना मुख्य कार्यालयात वैद्यकीय सल्लागार म्हणून घेतलं. चौथ्या मजल्यावर खोली, फिरती खुर्ची, खिडकीतून दिसणारं पार्किंग. काम एकच. कंपनीचे ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक आजारपणाची रजा घेत, त्यांची सर्टिफिकेटं तपासायची आणि खरं कोण, खोटं कोण ते कॉम्प्युटरवर बटण दाबून सांगायचं. आता ह्या कामाला आपल्या डॉक्टरांइतका लायक माणूस तिन्ही लोकांत शोधून सापडला असता का, सांगा.

पहिला महिना त्यांनी स्वर्गसुख भोगलं. अकराला चहा, एक वाजता गरम जेवण, चारला पुन्हा चहा, आणि दिवसभरात एकाही माणसाची जीभ बघायची नाही. समोर असायचे नुसते कागद. कागद खोकत नाही, कागद बिल्डिंगच्या जिन्यात अडवत नाही. शिवाय ते कामात वाघ निघाले. जुलाबासाठी अकरा दिवस विश्रांती? अकरा दिवस जुलाब झाल्यावर माणूस सही करायला उरत नाही. डोळे आलेत म्हणून रजा, आणि अर्ज स्वतःच्या हाताने दोन पानं? पायाचं हाड मोडलंय, आणि बरोबर सणासुदीच्या आधी मोडून सुट्टी संपताच जुळलं? बाकीच्या डॉक्टरांच्या लबाड्या ते असे पटापट पकडायचे, कारण त्यांतली एकही त्यांना परकी नव्हती. पर्सोनेलच्या, म्हणजे नोकरवर्ग बघणाऱ्या खात्याच्या, मॅडम त्यांच्यावर बेहद्द खूश होत्या. ऑफिसात त्यांचं नाव ‘एक्स-रे’ पडलं. डॉक्टर घरी येऊन ह्या गोष्टी रंगवून सांगत, आणि बायको पेपर तपासता तपासता ऐकून घ्यायची. एकदा मात्र तिने लाल पेन खाली ठेवून विचारलं की अरे, आयुष्यभर स्वतः कॉपी पुरवलीस आणि आता सुपरवायझर झालास, तुला काहीच वाटत नाही का? डॉक्टर म्हणाले, ते वेगळं होतं. काय वेगळं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या महिन्यात मॅडमनी एक यादी काढली. गेल्या दोन वर्षांत कुठल्या दवाखान्याची सर्टिफिकेटं सगळ्यात जास्त आली, त्याची. पहिल्या नंबरचा दवाखाना दुसऱ्याच्या चौपट पुढे होता. यादी घेऊन त्या स्वतः डॉक्टरांच्या खोलीत आल्या आणि नमुन्याचा कागद त्यांनी टेबलावर ठेवला. विषाणूजन्य ताप, तीन दिवस. खाली झिजलेला शिक्का, त्यात दवाखान्याचं अर्धंच नाव, नोंदणी नंबराच्या जागी शाईचा ठिपका, आणि सही अशी की झुरळ शाईत बुडून कागदावरून चालत गेलं असावं. डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते झुरळ त्यांनी चोवीस वर्षं पाळलं होतं.

मॅडम म्हणाल्या की हा भाग तुमच्याच बाजूचा दिसतो, ह्या डॉक्टरांना ओळखता का? डॉक्टर म्हणाले, ऐकून आहे. मॅडमनी त्या दवाखान्याबद्दल लेखी मत मागितलं. आणि इथे आमच्या डॉक्टरांनी जी माती खाल्ली, तिला तोड नाही. गप्प बसायचं सोडून, संशय यायला नको म्हणून त्यांनी असा सणसणीत अभिप्राय लिहिला की ते हाडांचे सर्जन तिथे असते तर त्यांनी पाठ थोपटली असती. सदर दवाखान्यात रुग्णाची तपासणी होत असल्याची कुठलीही खूण दिसत नाही. सदर डॉक्टर प्रत्येकाला एकच आजार लिहून देतात. त्यांच्या कागदाला काडीचीही किंमत देऊ नये. बटण दाबल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की दोन महिन्यांत आपण लिहिलेलं सगळ्यात खरं मत हेच आहे.

त्या अभिप्रायावरून कंपनीने सगळ्यात मोठ्या गुन्हेगाराला बोलावणं धाडलं. तो होता एक ड्रायव्हर. बाराही महिने गळ्यात मफलर, म्हणून डेपोत त्याला मफलरच म्हणत. दोन वर्षांत त्याने ह्या एका दवाखान्याची एकोणीस सर्टिफिकेटं दिली होती, एकोणीसही तापाची. आणि मॅडमचा हुकमी पत्ता पुढेच होता. तीन महिन्यांपूर्वी तो दवाखाना बंद पडला, आणि त्या दिवसापासून मफलरने एकही रजा घेतलेली नव्हती. मॅडम हसून म्हणाल्या, दवाखाना बंद झाला आणि ह्याची तब्येत सुधारली, बघा. पुढच्या गुरुवारी चौकशी होती. मॅडम, कायदा बघणारे एक वकीलसाहेब आणि वैद्यकीय बाजू सांभाळायला खुद्द डॉक्टर, अशी तिघांची समिती. बडतर्फही करता येईल, असं वकीलसाहेबांचं मत होतं.

फाइल डॉक्टरांच्या टेबलावर आली. त्यांनी दार लोटून घेतलं आणि एकोणीस कागद तारखेप्रमाणे टेबलावर मांडले. हेतू काही थोर नव्हता. एखाद्या कागदावर आपला नोंदणी नंबर चुकून स्पष्ट उठलाय का, एवढंच त्यांना बघायचं होतं. नंबर कुठेच उठला नव्हता. जीव भांड्यात पडला. मग हाताला चाळा म्हणून ते तारखांमधलं अंतर मोजायला लागले. पहिल्या दोघांत अकरा आठवडे. मग नऊ. मग आठ, आठ, सात, सात. पुढे सहा, पाच, चार, चार, चार. शेवटी तीन, तीन, तीन, आणि मग दोन, दोन, दोन, दोन.

डॉक्टरांचा हात थांबला. आळशी माणूस असा आजारी पडत नाही. आळशी माणूस सोमवारी आजारी पडतो, सुट्टीला जोडून पडतो, क्रिकेटची मॅच बघून पडतो. हे तर काहीतरी एका चालीने जवळ जवळ येत होतं. आणि तापसुद्धा असा येत नाही.

हा माणूस काय सांगत यायचा, ते त्यांनी आठवायला घेतलं. चेहरा लगेच आठवला, मफलरही आठवला. बोललेलं आठवेना, कारण तेव्हा ते नाव लिहीत असायचे. बराच वेळ डोकं धरून बसल्यावर एक वाक्य वर आलं. डॉक्टर, मध्येच जळक्या रबराचा वास येतो, आणि मग क्षणभर काही कळत नाही. त्यावर आपण काय बोललो, तेही आठवलं, आणि डॉक्टरांचे कान तापले. आपण म्हणालो होतो, अहो, शेजारी टायरचं दुकान आहे, इथे सगळ्यांनाच येतो. दोघंही हसले होते. मग आपण विचारलं होतं, ताप लिहू ना?

फिट म्हटली की लोकांना हातपाय झाडणं आणि तोंडाला फेस, एवढंच माहीत असतं. पण एक फिट मुकी असते. माणूस बसल्या जागी बसलेला, डोळे उघडे, आणि आत कोणी नाही. त्याआधी कधी कधी नसलेला वास येतो. नंतर अंगात त्राण राहत नाही, दिवसभर झोपून काढावा लागतो. हे सगळं डॉक्टर कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहूनही आले होते. तपासल्याशिवाय खात्री देता येत नाही हे खरं, पण एवढं समोर असताना शंका न येणारा डॉक्टर असला तर त्याने खरोखरच दवाखाना बंद करावा. दोन वर्षं माणूस समोर येऊन बसत होता तेव्हा दिसलं नाही, आणि आता माणूस नाही, नाडी नाही, नुसते कागद पुढे असताना रोग दिसला. डॉक्टरांना स्वतःची लाज वाटली. लगोलग भीतीही वाटली, आणि भीती लाजेपेक्षा मोठी होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

कारण गोष्ट अशी अडकली होती. मफलर खोटारडा ठरला तर फार तर शिक्षा भोगेल, आणि नोकरी गेलीच तरी दुसरीकडे पुन्हा गाडीवर बसेल. खरा आजारी ठरला तर स्टिअरिंगला पुन्हा हात लावता येणार नाही. आणि तो खरा आजारी आहे हे सांगायचं, तर कागदावरचा ताप खोटा होता हे तुम्हाला कसं कळलं, ह्याचं उत्तर द्यावं लागणार. मग फिरती खुर्ची गेली, एक्स-रे गेला, आणि कदाचित डॉक्टर हा शब्दही गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. त्यांची मनातून अपेक्षा होती की ती म्हणेल, जाऊ दे, तू कशाला पुढे होतोस. चाळीस वेळा कॉपी पकडलेल्या बाईकडून ही अपेक्षा ठेवणंच चूक. ती ब्रेडला लोणी लावत होती. तिने विचारलं, त्याची बस कुठली?

"सत्तावीस नंबर."

ती म्हणाली, "आमच्या शाळेची निम्मी मुलं सत्तावीसने येतात." आणि डॉक्टरांचा चहा निवला म्हणून तिने तो पुन्हा गरम करायला नेला. आणखी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर डॉक्टरांनी भांडण तरी उकरून काढलं असतं.

दोन्ही दगडांवर पाय ठेवायचा एक मार्ग डॉक्टरांनी गुरुवारपर्यंत शोधून काढला. आपलं नाव काढायचं नाही, पण एवढ्या रजा झाल्यात तर एकदा मोठ्या इस्पितळात सगळी तपासणी करून घेऊ, असं समितीत सुचवायचं. फिट सापडली तर ती त्या इस्पितळाने शोधली, आपला काय संबंध. योजना झकास होती. ती मनात घोळवत ते गुरुवारी समितीच्या खोलीत जाऊन बसले.

मफलर आत आला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस, इस्त्रीचा गणवेश, गळ्यात मफलर. टेबलामागे बसलेल्या तिघांकडे त्याने एकेक करून पाहिलं आणि डॉक्टरांपाशी त्याची नजर थांबली. डॉक्टरांची पाचावर धारण बसली. आता हा तोंड उघडणार आणि म्हणणार, अहो तीन दिवस, तुम्ही इथे कुठे? पण मफलरने नजर उचलून भिंतीवरच्या घड्याळाकडे नेली, जणू काही आयुष्यात त्यांना कधी पाहिलंच नव्हतं.

मॅडमनी विचारलं की ही सर्टिफिकेटं देणारे डॉक्टर कोण? मफलर म्हणाला, होते एक म्हातारे. आता दवाखाना बंद झालाय. मॅडम म्हणाल्या, ते सध्या असतात कुठे? मफलरने थोडा विचार केला आणि सांगितलं की बहुतेक वारले. स्वतःच्या मरणाची बातमी ऐकायचा योग फार थोड्यांना येतो. डॉक्टरांनी ती मान खाली घालून ऐकली. त्यातही म्हातारे हा शब्द त्यांना जरा लागला.

मग मफलरने स्वतःहूनच सगळं कबूल केलं. ताप कधीच नव्हता. कंटाळा यायचा, म्हणून घरी बसायचो. डॉक्टरांचा काही दोष नाही, मी जे सांगायचो ते ते लिहायचे. मी ठणठणीत आहे, आता तीन महिने एक दिवस चुकवलेला नाही, चूक झाली, पोटावर मारू नका. बोलताना त्याचा आवाज एकदाही हलला नाही. माणूस पाठ करून आला होता. त्याच्याकडे बघताना डॉक्टरांना सगळं लख्ख कळलं. हा आपल्याला वाचवत नव्हता, किंवा आपल्याला वाचवणं हा त्यातला किरकोळ भाग होता. हा स्वतःची गाडी वाचवत होता. लबाड ठरलेला ड्रायव्हर गाडी चालवू शकतो, आजारी ठरलेला नाही. म्हणजे स्वतःला काय होतंय, हे त्याला माहीत होतं.

कबुली मिळाल्यावर मॅडम एकदम मऊ झाल्या. पंधरा दिवस बिनपगारी, एक कडक ताकीद, आणि मग कामावर हजर, असं त्यांनी वकीलसाहेबांशी हळू आवाजात ठरवलं. डॉक्टरांनी तेवढ्यात आपली योजना पुढे सरकवली. एकदा सगळी तपासणी करून घेतली तर बरं होईल, असं ते म्हणाले. वकीलसाहेबांनी चष्मा वर केला आणि विचारलं, कशाच्या आधारावर? तो स्वतः म्हणतोय मी निरोगी आहे. राहिले हे एकोणीस कागद, तर त्यांना काडीचीही किंमत देऊ नये, असं तुम्हीच लिहून दिलंय. तोच शब्द, काडीचीही. डॉक्टरांनी मफलरकडे पाहिलं. मफलर घड्याळाकडे बघत होता.

मॅडमनी कागद तयार केला. कबुलीवर तिघांच्या सह्या, आणि ह्या सह्या बटणाच्या नव्हत्या, पेनाच्या होत्या. मॅडमनी केली, वकीलसाहेबांनी केली, कागद डॉक्टरांपुढे आला. सगळे खूश होते. मॅडमना कबुली मिळाली होती, मफलरला गाडी मिळत होती, डॉक्टरांना खुर्ची. फक्त सत्तावीस नंबरला कोणी विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी पेन उचललं आणि सही केली, चोवीस वर्षं करत आले तशीच, वेगात आणि न बघता. मग त्यांनी फाइलमधलं सगळ्यात वरचं सर्टिफिकेट काढलं आणि त्या सहीशेजारी ठेवलं. दोन झुरळं, एकाच आईची. मॅडमनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं.

"तो म्हातारा वारला नाही," डॉक्टर म्हणाले. "इथेच बसलाय."

आता थांबून काही मिळणार नव्हतं. ते म्हणाले की ह्यांना ताप नव्हता, हे खरं आहे. मी न तपासता ताप लिहिला, एकोणीस वेळा लिहिला, आणि ह्यांनी मला जे सांगितलं ते मी ऐकलं नाही. ह्यांना बहुधा फिट येतात. ह्यांना आजपासून गाडीवर बसवू नका.

वकीलसाहेबांनी आधी कागद हळूच स्वतःकडे ओढून घेतला, कारण कायद्याच्या माणसाला पहिल्यांदा कागद सुचतो. मॅडमनी आपल्या पेनाला टोपण लावलं. त्यांना राग आला होता की आपण फसलो ह्याची लाज वाटली होती, देव जाणे. शेवटी त्यांनी दोघांनाही बाहेर थांबायला सांगितलं. दोघांनाही, एकाच वाक्यात.

बाहेर कॉरिडॉरमध्ये एकच बाक होता. मफलर एका टोकाला बसला, डॉक्टर दुसऱ्या. समोरून माणसं फायली घेऊन जात-येत होती. एक-दोघांनी एक्स-रे साहेबांना नमस्कारही केला. मफलरने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते.

"मी तुमचं नाव घेतलं नव्हतं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मला दुसरं काही येत नाही, डॉक्टर. वीस वर्षं गाडीच चालवली."

मलाही येत नाही, असं म्हणावंसं त्यांना वाटलं, पण त्या माणसापुढे ते म्हणण्याची त्यांना हिंमत झाली नाही. खिशात पॅड नव्हतं, बाहेर रांग नव्हती, हाताला काही काम नव्हतं. ते सरकून मफलरच्या शेजारी बसले आणि त्यांनी विचारलं की नक्की काय होतं तुम्हाला, सगळं सांगा, अगदी पहिल्यापासून.

मफलरने त्यांच्याकडे असं पाहिलं की आता हा माणूस आपल्या थोबाडीत देणार, असं डॉक्टरांना वाटलं, आणि दिली असती तर त्यांनी ती निमूटपणे खाल्ली असती. पण मफलरने गळ्यातला मफलर सैल केला आणि तो सांगायला लागला. पहिल्यांदा झालं ते घरी, दाढी करताना. मग डेपोत. आधी महिना-दोन महिने काही व्हायचं नाही. वास आला की तो गाडी बाजूला घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी उठवतच नसे, म्हणून सर्टिफिकेट. दवाखाना बंद झाल्यावर कागद कोण देणार, म्हणून तसाच कामावर येत राहिला. आता तर वास यायलाही वेळ मिळत नाही. डॉक्टर ऐकत होते, मान न डोलावता ऐकत होते. त्यांनी विचारलं, शेवटचं कधी झालं?

"काल सकाळी. पुलावर."

"गाडीत माणसं होती?"

"भरलेली होती. शाळेची वेळ."

आतून मॅडमनी कुणाला तरी फोन लावल्याचा आवाज येत होता. हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी विचारायचा असतो हे त्यांना माहीत होतं, तरी त्यांनी तो आता विचारला. किती वेळ चालतं ते?

मफलर समोरच्या भिंतीकडे बघत होता. "ते मला कसं कळणार, डॉक्टर?" तो म्हणाला. "मी तेव्हा गाडीत नसतो."